उपड्या कढईची दिवाळी

माझ्या सासरी दिवाळीला कढई चढत नाही, हे मला लग्नाआधी कोणी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर मी बोहल्यावर पळत चढले असते.

माझं माहेर सुलतानपूरकडचं. घरी पंचवीस माणसांचं खटलं. दिवाळी आली की आई, काकू आणि मी आठ दिवस चुलीपुढून उठत नसू. करंज्या शेकड्याने, अनारसे टोपलीभर, शेवेचा तर ढीग. धुराने डोळे लाल, कंबरेचा काटा ढिला. लक्ष्मीपूजनाला नवं लुगडं नेसलं तरी अंगाचा तळणाचा वास जात नसे. माझ्या हाती लाटणं आलं तेव्हा मी सात वर्षांची होते. सासरी निघाले तेव्हा आई गळ्यात पडून रडली आणि रडता रडता कानात म्हणाली, "करंजीची कड नीट मुरडत जा गं. सासरी पहिल्यांदा तेच बघतात."

सासर नांदुऱ्यापासून बैलगाडीने दीड-दोन तासांवरच्या गावी. घरात सासरे, सासू, थोरले दीर, जाऊबाई, त्यांची दोन लेकरं आणि आम्ही दोघं. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची, सासूला आत्याबाई. लग्नानंतरची पहिली दिवाळी दिवाळसणाची, म्हणजे माहेरी गेली. दुसऱ्या वर्षी मात्र सासरी होते. वसुबारसेला पहाटे उठून न्हाले, पदर खोचला आणि आता आठ दिवसांची सक्तमजुरी असं मनाशी म्हणत स्वयंपाकघरात गेले. चूल गार. जाऊबाई निजलेल्या. आत्याबाई ओट्यावर पाय पसरून सुपारी कातरत बसलेल्या.

"आत्याबाई, भाजणी कधी घ्यायची?" मी विचारलं.

"कायची भाजणी?"

"चकलीची."

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला, लांब सुस्कारा सोडला आणि कोरडे डोळे पदराने पुसले. "आपल्या घराले खोट हाय, बाई," त्या म्हणाल्या.

मग सगळं सांगितलं. मामंजी दहा-बारा वर्षांचे असताना त्यांची आई लक्ष्मीपूजनाच्याच दिवशी, चुलीपुढे करंज्या तळता तळता कोसळली आणि गेली. घरच्या वडीलधाऱ्यांनी ती मोठी कढई उतरवली, पालथी करून खुंटीला अडकवली. त्या दिवसापासून आमच्या घरी दिवाळीचं तळण बंद. एरवी वर्षभर लहान कढईत पापड, पुऱ्या, भजी काय तळायचं ते तळा. दिवाळीचं फराळ म्हणून घाणा पडायचा नाही. ही खोट निघायची एकच वाट होती. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीच, दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत, घरात मूल जन्मावं नाहीतर दावणीची गाय व्यावी. बत्तीस वर्षं होत आली होती. लेकरं झाली, गाईही व्यायल्या, पण त्या दिवशी कोणीच नाही. जाऊबाईंचा थोरला मुलगा तर दोन दिवसांनी चुकला होता. त्याने मुद्दाम आत दम धरला असं आत्याबाई म्हणायच्या.

मी मान खाली घालून दुःखी चेहरा केला. पदराआड मला हसू आवरेना. आठ दिवस! लाटणं नाही, धूर नाही, कड मुरडणं नाही!

दुपारी पाटलाच्या वाड्यावर गेलो तर तिथे बायका घामाने निथळत होत्या. मला वाटलं, आता इथे हात लावावा लागणार. आत्याबाईंनी माझा हात मागे ओढला. "खोट असलेल्या घरच्या बाईनं दुसऱ्याच्या कढईलेबी हात लावू नाही," असं त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या आणि पाटावर ऐसपैस बसल्या. हा पोटनियम कोणत्या पोथीतला ते मला कळलं नाही, पण तो मला फार पटला.

खरी मजा लक्ष्मीपूजनापासून सुरू झाली. आमच्या घरी सण नाही म्हणून गावातून ताटं यायची. पाटलीण, सोनारीण, जोशीणबाई, शेजारपाजारचे, अकरा घरची अकरा ताटं. शिवाय दुःखाच्या घरी पाठवायचं म्हणून जो तो निवडक माल धाडी. माझ्या माहेरी एवढं खपूनही एवढं फराळ कधी घरात आलं नव्हतं. ताट घेऊन कोणी आलं की आत्याबाई दारात उभ्या राहून म्हणायच्या, "काय करता माय, नशीब आमचं." ताट देणारीचे डोळे भरून यायचे. ती वळली की दार लोटायचं, रुमाल काढायचा आणि परीक्षा सुरू.

"सोनाराच्या घरची करंजी. हलवून पाह्य, खुळखुळा वाजते. आत सारण हाय का वारा भरला?"

"पाटलाची चकली. हे खाऊन दात पडले तर पाटील देईन काय दात?"

"जोशीणबाईचा अनारसा. बरा हाय, पण खसखस मोजून लावली."

हे निकाल घरातच राहायचे नाहीत. पाडव्याच्या ओवाळणीपर्यंत सगळ्या गावाला कळायचे. बायका आत्याबाईंना भीत असत. पुढच्या वर्षी पाटलीण चकलीत लोणी वाढवायची ते केवळ आत्याबाईंच्या धाकाने. स्वतः कढईपुढे न बसता गावभरचं फराळ सुधारणारी अशी बाई मी दुसरी पाहिली नाही.

या सगळ्यात मामंजी मात्र नव्हते. परक्या ताटातलं ते काही खात नसत. लक्ष्मीपूजनाला त्यांच्या पानात भाकरी आणि अंबाडीची भाजी, एवढंच. त्या वर्षी पूजेच्या सकाळी मी सारवणासाठी उठले तर अंगणात ते उकिडवे बसलेले. पुढ्यात ती मोठी कढई. चिंच आणि राख घेऊन ते ती घासत होते. एरवी पाण्याचा तांब्यासुद्धा हाताने न उचलणारा माणूस. घासली, धुतली, धोतराच्या सोग्याने कोरडी केली आणि परत खुंटीला पालथी लावली. मला पाहिलं नाही त्यांनी. मी आल्यापावली मागे सरले. या माणसाला ही कढई चढायला हवी आहे, एवढं मला तेव्हा कळलं.

आणि ते त्यासाठी झटतही होते. दर पौषात ते पंचांग घेऊन बसत, बोटांवर नऊ महिने नऊ दिवस मोजत आणि मग गाय फळवायला नेत. गाय मात्र कधी पंचांग पाहून व्यायली नाही. कधी दसऱ्यालाच मोकळी, कधी तुळशीच्या लग्नापर्यंत तुंबलेली. दिवाळी जवळ आली की मामंजी दिवसातून चारदा गोठ्यात जाऊन तिच्या पोटाकडे बघत. आणि आत्याबाई मामंजींकडे बघत. त्या बघण्यात एक भीती असायची. मला वाटायचं, आठ दिवस राबायची भीती असणार. मलाही तीच होती.

तिसऱ्या दिवाळीची गोष्ट. तांबडी गाय दिवस भरलेली होती. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मामंजींनी तिला पेंडीची ढेप घातली, पाठीवरून हात फिरवला आणि दोन्ही मुलांना, म्हणजे दीरांना आणि आमच्या ह्यांना, घेऊन गाडीने नांदुऱ्याच्या बाजाराला गेले. पूजेचं सामान आणायचं होतं. जाताना आत्याबाईंना म्हणाले, "गायीकडे ध्यान ठेवजा."

आत्याबाईंनी ठेवलं. नसतं ठेवलं तर बरं झालं असतं. सूर्य डोक्यावर आला आणि जाऊबाई गोठ्यातून ओरडत आल्या, "आत्याबाई, गाय बसली!"

घटकाभरात झालंही. काळंभोर, ओलंगच्च, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं गोऱ्हं. गाय त्याला चाटत होती आणि आम्ही तिघी कंबरेवर हात ठेवून उभ्या. बत्तीस वर्षांत जे झालं नाही ते आमच्या पुढ्यात चार पाय फाकवून उभं राहायच्या खटपटीत होतं.

"आता?" जाऊबाई म्हणाल्या. "आता कढई काढा लागन. अथी कापूस फुटून राह्यला, वेचाले जावं का करंज्या लाटाव्या?"

 आत्याबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. मग एकदम म्हणाल्या, "दार लोट."

मी गोठ्याचं दार लोटलं.

"उद्या पाडवा. उद्या झालं म्हणू. एका दिवसानं चुकलं म्हणून हळहळ करू. आजच्या दिवस वासराले पिंजाऱ्याच्या घरी ठिवा."

मी सोळा-सतरा वर्षांची होते. या बेतात काय काय चुकतंय ते मला दिसायला हवं होतं, पण मला तर उलट उकळ्या फुटल्या. वासराला आम्ही घोंगडीत गुंडाळलं. पुढून जाऊबाई, मागून मी, अशा परसदाराने निघालो. पिंजाऱ्याचं घर गल्लीपलीकडेच. पण त्या एवढ्याशा गल्लीत नेमकी सोनारीण भेटली.

"काय नेऊन राह्यल्या वं?"

"गादी," जाऊबाई म्हणाल्या. "पिंजायले देतो."

"आज? सणाच्या दिवशी?"

"आम्हाले कायचा सण, बाई." जाऊबाईंनी हुबेहूब आत्याबाईंचा सुस्कारा सोडला. सोनारणीचे डोळे ओले झाले आणि तेवढ्यात गादी हंबरली. जाऊबाई जोरजोरात खोकायला लागल्या. मीही खोकले. खोकत खोकत आम्ही पिंजाऱ्याच्या दारात शिरलो.

पिंजाऱ्याच्या बायकोला आम्ही चाची म्हणायचो. थंडीच्या तोंडावर त्यांच्या घरी गाद्या-रजयांचं काम जोरात, खोलीभर पिंजलेल्या कापसाचा ढीग. चाचीने घोंगडी उघडली आणि कपाळाला हात लावला. "या अल्ला! तुमच्या घरची लक्ष्मी माह्या घरात कायले आणली?"

जाऊबाईंनी सगळं सांगितलं. चाची हसली नाही. "अन् त्याची माय?" एवढंच म्हणाली.

"एका दिवसाचं तर हाय," जाऊबाई म्हणाल्या आणि आम्ही परतलो.

घरी आलो तर गाय हंबरत होती. अशी की भिंती हादराव्या. आत्याबाई तिच्यापुढे कडबा टाकत होत्या, सरकी टाकत होत्या, गूळ टाकत होत्या. ती कशाला तोंड लावेना. कास भरून आलेली, पोट खपाटीला गेलेलं, वार अजून पडायची होती. मी पहिल्यांदा नीट पाहिलं तिच्याकडे.

"आत्याबाई," मी म्हटलं, "मामंजी आले की हिच्याकडे बघतीलच की. हिला लपवायची कुठे?"

आत्याबाई मटकन खाली बसल्या. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. जाऊबाई म्हणाल्या, "तिच्या पाठीवर झूल टाकू." तेवढ्यात गल्लीत घुंगरं वाजली.

दिवेलागणीला अजून अवकाश होता. मामंजी गाडीतून उतरले ते पूजेचं सामान हातात घेऊनच थेट गोठ्यात गेले. आम्ही तिघी दाराशी. त्यांनी एकदा गाईकडे पाहिलं. एकदाच.

"वासरू कुठं हाय?"

"कोणतं वासरू?" आत्याबाई म्हणाल्या.

असला जबाब मी जन्मात दुसरा ऐकला नाही. मामंजी काही बोलणार इतक्यात परसदार ढकलून चाची आत आली आणि तिच्या पुढे एक विचित्र जनावर धडपडत आलं. ओल्या अंगाला कापूस चिकटून चिकटून ते पांढरंशुभ्र झालं होतं. हनुवटीला तर दाढी आली होती.

"हे मेंढरू कोणाचं?" मामंजी म्हणाले.

"तुमचंच हाय, भाऊ," चाची म्हणाली. "अर्धी गादी चाटून खाल्ली त्यानं. इकडे याची माय हंबरून राह्यली, तिकडे हे. मले ऐकवलं नाही. आता तुमचा सण तुम्ही पाहा."

गाईने दावं तोडलं. मेंढरू तिच्या कासेला लागलं आणि ती त्याचा कापूस चाटायला लागली. मामंजी खूप वेळ बघत राहिले. वासरू पिंजाऱ्याच्या घरी कसं गेलं, का गेलं, कोणी नेलं, काहीच विचारलं नाही. फक्त म्हणाले, "कधी झालं?"

 आत्याबाईंनी तोंड उघडलं, "पहाटे..." आणि मिटलं. पण उजाडल्यावर मामंजी स्वतःच तर गाईला ढेप घालून गेले होते. जाऊबाई जमिनीकडे बघत होत्या. मग मामंजी माझ्याकडे वळले.

तोवर दोन-अडीच वर्षांत मी त्यांच्याशी समोरासमोर एक शब्द बोलले नव्हते. धाकट्या सुनेने बोलायचं नसे. काही सांगायचं तर ते भिंतीला उद्देशून सांगायचं. तेही कधी काही विचारत नसत. आता विचारत होते.

"तू सांग, पोरी. कधी झालं?"

आत्याबाईंचे डोळे माझ्यावर रोखलेले. माझ्यापुढे आठ दिवसांचा धूर उभा राहिला, एका वर्षाचा नाही, जन्मभराचा. पण हातात चिंच-राख घेऊन उकिडवा बसलेला तो माणूसही दिसला. मी पदर आणखी पुढे ओढला.

"आज. दुपारी. तुमची गाडी गेल्यावर."

मामंजींनी हातातलं सामान तिथेच शेणात ठेवलं. घरात गेले. खुंटीवरून कढई काढली आणि उताणी करून चुलीपाशी नेऊन ठेवली. बत्तीस वर्षांनी ती चुलीशी आली. ते आत्याबाईंकडे न बघता म्हणाले, "दिवस मावळायच्या आत एक तरी करंजी झाली पाह्यजे."

बातमीला पाय फुटायला वेळ लागला नाही. सोनारणीला गादीचा उलगडा झाला आणि तिने तो गावाला केला. पाटलीण आली, जोशीणबाई आली, अकराच्या अकरा घरं आमच्या स्वयंपाकघराच्या दारात. पाटलीण तर पाट घेऊन पुढ्यातच बसली. "आज आम्ही फक्त पाह्यतो," ती गोड आवाजात म्हणाली. "इतक्या वर्सात तुमच्याकडून लय शिकलो. आता हात पाहू द्या."

आत्याबाईंनी परातीत कणीक घेतली. मी शेजारी खोबरं किसत होते. त्यांचा हात परातीत तसाच. मग माझ्याकडे झुकून, ओठ न हलवता म्हणाल्या, "हिच्यात काय घालतेत वं?"

मला वाटलं मस्करी करताहेत. त्यांच्या कपाळावरचा घाम पाहिला आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. आत्याबाई या घरात आल्या तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या आणि कढई त्याआधीच पालथी झाली होती. माहेरी शिकायचं वय नव्हतं, सासरी शिकायची सोय नव्हती. तीस वर्षं गावभरच्या करंज्यांना नावं ठेवणाऱ्या माझ्या सासूने जन्मात एक करंजी केली नव्हती. तो पोटनियम कुठून आला तेही कळलं. कामाची भीती जाऊबाईंना होती, मला होती. आत्याबाईंना भीती होती ती याच दिवसाची.

मी पदराआडून पुटपुटले, "म्हणा, धाकटे, मोहन घाल."

"कोणता मोहन?"

"कडकडीत तेल हो, कणकेत. मोठ्याने म्हणा."

"धाकटे!" आत्याबाई गरजल्या. "मोहन घाल!"

मी घातलं.

"म्हणा, कणीक घट्ट भिजव."

"कणीक घट्ट भिजव! सैल झाली तर पाह्य!"

अशी आमची जोडी जमली. मी खाली मान घालून कुजबुजायची, त्या वर मान करून हुकूम सोडायच्या. शेवटचं 'पाह्य' त्यांचं स्वतःचं असे. गूळ-खोबऱ्याचं सारण झालं, पाऱ्या झाल्या, कडा मी आईने सांगितल्याप्रमाणे मुरडल्या. सगळं ठीक चाललं होतं. मग पाटलीण म्हणाली, "पहिली करंजी घरच्या मालकिणीच्या हातची पाह्यजे. रीत हाय."

पुन्हा रीत! आत्याबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की त्या नजरेवर शेव तळून निघाली असती. पण रिवाजाच्या नावाने त्यांनीच तीस वर्षं गाव हाकलं होतं, आता कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? त्यांनी पारी घेतली, सारण भरलं, हाताला येईल तशी कड दाबली आणि करंजी तेलात सोडली. करंजी फुगली, हेलकावली आणि मधोमध उकलली. सारण तेलभर झालं. गूळ जळल्याचा वास सुटला.

 मग जोशीणबाई हळूच म्हणाली, "अनारसा हसते हे ऐकलं होतं. करंजी हसताना पहिल्यांदाच पाह्यली."

हसण्याचा असा लोंढा आला की पाटलीण पाटावरून कलंडली. मी आत्याबाईंकडे बघायचं टाळत होते. पण पहिलं खिदळणं त्यांचंच ऐकू आलं. आधी नाकातून, मग पोट धरून, मग डोळ्यांतून खरंखुरं पाणी येईपर्यंत. "मले येतच नाही वं!" त्या म्हणाल्या. "कधी आलीच नाही! तुमच्या चकल्या खाऊन खाऊन म्हातारी झाली मी!"

ती फुटकी करंजी त्यांनी झाऱ्याने काढली, देवापुढे ठेवली आणि मग मामंजींच्या पानात नेऊन वाढली. मागून मी माझ्या हातच्या चार नीट करंज्या वाढल्या. सगळ्या बायका दाराआडून बघत होत्या. मामंजींनी नीट करंज्या बाजूला सारल्या, फुटकी उचलली, खाल्ली. बराच वेळ चावत राहिले.

"मायच्या हातची लय चांगली होती," ते म्हणाले. "हे काही तशी नाही." आणि ताट पुढे करून म्हणाले, "आणखी हाय?"

पुढच्या वर्षीपासून मात्र आमच्या वाट्याला जे यायचं ते आलं. आठ दिवस धूर. वर अकरा घरी ताटं पाठवायची, आणि तीस वर्षांचा सूड म्हणून प्रत्येक घरून निकाल परत यायचा. "शेव बरी हाय, पण मीठ उधार आणलं काय?" असा पाटलिणीचा पहिला निरोप. जाऊबाई लाटता लाटता त्या गोऱ्ह्याला शिव्या द्यायच्या. कंबर धरून मीही द्यायची. आत्याबाई मात्र जिद्दीने शिकल्या. चौथ्या वर्षी त्यांची करंजी फुटेनाशी झाली. त्या दिवशी त्यांनी ती ताटात घालून स्वतः पाटलिणीकडे नेली आणि ती खाईपर्यंत दारातून हलल्या नाहीत.

पुष्कळ वर्षांनी, महायुद्धाची लढाई संपून गेल्यावर, आत्याबाईंना छातीच्या दुखण्याने धरलं. एका दुपारी मी पाय चेपत होते. त्या एकदम म्हणाल्या, "ते पहिलं वासरू नव्हतं."

"कोणतं?"

"तू या घरात यायच्या आधी पाच-सहा वर्सं, एक झालं होतं. बरोब्बर लक्ष्मीपूजनाले, दिवस उगवल्यावर. हे वावरातून आले, त्याहीले मी सांगतलं, उगवायच्या आधी झालं."

माझे हात थांबले. "अन् मामंजींनी मान्य केलं?"

"त्याहीनं वासराकडे पाह्यलं. माह्याकडे पाह्यलं. बरं, म्हणाले."

"म्हणजे त्यांना कळलं नाही?"

"गाईच्या पोटाकडे पाहून घटका सांगणारा माणूस तो. त्याहीले कळत नसन काय?" आत्याबाई भिंतीकडे बघत होत्या. "मले करंजी येत नाही हेबी माहीत होतं. लग्न झालं तवा मी नऊ वर्साची. तवापासून पाह्यत आले होते मले."

 बाहेर ओट्यावर मामंजी दोरखंड वळत होते. मी पाय पुन्हा चेपायला घेतले.

दुखणं वाढत गेलं तसा आत्याबाईंना एकच ध्यास लागला. सकाळी डोळे उघडले की पहिला सवाल, "आज काय तिथी?" मी सांगायची. मग, "सण तं नाही ना?" नागपंचमीला त्या उशाला टेकून बसून राहिल्या, पोळ्याला बसून राहिल्या, महालक्ष्मीच्या तिन्ही दिवशी जेवल्यासुद्धा. दसऱ्याला ताप चढला तर जाऊबाईंना म्हणाल्या, "भेऊ नोका. आज जात नाही." दिवाळीत स्वयंपाकघराच्या दारात खाट टाकायला लावली. श्वास नीट येत नव्हता, तरी तिथून नजर. "तळून घ्या बिनघोर," त्या म्हणाल्या. "मी अथी थांबतो."

आणि थांबल्या. तुळशीचं लग्न लागलं, कार्तिक सरला. मार्गशीर्षातल्या काळोख्या पंधरवड्यात, एका साध्या बुधवारी, दुपारचं जेवण आटोपल्यावर गेल्या. जाऊबाई तशाच उठून जोशांकडे पंचांग बघायला गेल्या. परत आल्या तेव्हा दारातूनच मला म्हणाल्या, "आज काहीच नाही. ना सण, ना खोट."

मग आम्ही दोघी गळ्यात गळा घालून मोकळेपणाने रडलो.